दलालांनी फोन करू नये

धुळ्याच्या एस.टी.त एरंडोलला तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला, तेव्हा मी फोनवर भांडत होते.

"जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय ना, दलालांनी फोन करू नये? मग कशाला करताय?"

फोन ठेवला, तर हा गालात हसत होता. पावसाची झड आत येत होती. त्यानं न विचारताच खिडकीची काच ओढून घेतली. आगाऊ... मी मनात म्हटलं.

धुळ्यात देवपूरला उतरले, तर तोही उतरला. मी गल्लीत वळले, तोही वळला. पावलं झपाझप उचलली आणि आमच्या गेटपाशी पोचताच गर्रकन मागे वळले.

"मागे मागे काय येताय हो?"

तो दचकला. "मी... घर बघायला आलोय. काल मेसेज केला होता, ललित म्हणून. तुम्ही नूतन मॅडम?"

मी ओशाळले. पण संशय काही गेला नाही. आप्पा गेल्यावर आई माझ्याकडे जळगावला आली. मी तिथं शाळेत शिकवते. भाड्याच्या घराचे तीन जिने आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. देवपूरचं हे घर विकलं, तरच तिला तळमजल्यावर हक्काची जागा मिळणार होती. म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली होती. पण गिऱ्हाईक म्हणून येणारा निम्मा गाव दलालच निघत होता. त्यामुळे मी सगळ्यांकडेच तिरप्या नजरेनं बघायला शिकले होते.

ललित जनावरांचा डॉक्टर. नोकरी एरंडोलला, राहायला धुळ्यात भाड्यानं. निदान त्यानं सांगितलं तरी तसं. मी त्याचं आधार कार्ड मागितलं.

"दवाखान्यातली एखादी म्हैस साक्षीला आणू का?" कार्ड देत तो म्हणाला.

मी हसले नाही. म्हणजे... त्याला दिसेल असं हसले नाही.

त्यानं नळ सोडून बघितले, गच्चीवर जाऊन आला. किंमत मात्र विचारली नाही. पुढच्या शनिवारी परत आला, सकाळचं ऊन कुठून येतं ते बघायला. मग गच्ची गळते का ते बघायला. मी खास जळगावहून यायचे, कुलूप उघडायचे, आणि हा चहा पिऊन जायचा.

शेजारच्या भागाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पोरी, हाऊ माणूस घर देखाले येस का तुले देखाले?"

मी लाजायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात नेटवर मला दुसरी जाहिरात दिसली. घर आमचंच, फोटो मीच काढलेले, फक्त किंमत चढवलेली आणि नंबर भलताच. परत परत येणारा माणूस एकच होता.

"डॉक्टर, शोभतं का हे तुम्हाला?" मी फोनवर कडाडले. सगळं बोलून टाकलं.

त्यानं उलट मलाच विचारलं.

"त्या नंबरवर फोन केलात?"

"कशाला? तुम्हीच उचलाल!"

"रविवारी घरात थांबा," तो एवढंच म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. "दार आतून लावून घ्या."

रविवारी मी दाराआड उभी होते. अजूनही वाटत होतं, हाही डावच असेल... मग गेट वाजलं.

"मालक बाहेरगावी असतात, साहेब," एक अनोळखी आवाज सांगत होता. "सगळा व्यवहार माझ्याच हातात. तुम्ही फक्त विसार द्या."

"मालकांना भेटता येईल का?" हा ललितचा आवाज. त्या नंबरवर फोन करून तो गिऱ्हाईक बनून आला होता.

"छे! म्हातारे आहेत, ऐकू येत नाही."

मी दार उघडलं. "मला चांगलं ऐकू येतं. जाहिरात माझ्यासमोर काढा, नाहीतर पोलिसांत जाऊ."

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मोबाइलवरून जाहिरात काढून टाकली आणि चप्पल नीट न चढवताच तो पळाला.

आम्ही दोघं ओट्यावर उरलो. पागोळ्या टपटपत होत्या.

"माफ करा," मी म्हटलं. "पण एक सांगा. एवढ्या वेळा आलात, किंमत एकदाही विचारली नाहीत. का?"

तो कानामागे खाजवू लागला. "घर पहिल्याच दिवशी आवडलं होतं. जाहिरातीतली किंमतही मान्य होती. पण व्यवहार झाला असता, तर... तुम्हाला धुळ्याला यायचं कारणच उरलं नसतं."

मी त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ.

"डॉक्टर, घर तुम्हाला दिलं," मी म्हटलं. "पण इथून पुढं एस.टी.चे धक्के मी खाणार नाही. जळगावला फेऱ्या तुम्ही मारायच्या."

"किती?"

"आई हो म्हणेपर्यंत."

"आणि... तुम्ही?"

"मी तर—" मी म्हटलं, आणि पुढचं बोलायच्या आधीच त्यानं माझा हात हातात घेतला. न विचारताच. आगाऊ कुठला!