काकांचा वर्ताळा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी काही कोणाच्या पाया पडणार नाही.

हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथेच उभी होते. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. भर दुपार होती आणि गोदामातले सगळे दिवे चालू होते.

आम्ही दोघी एकाच गोदामात कामाला. ती रॅकमधून माल उचलायची, मी टेबलावर खोकी पॅक करायची. गिऱ्हाइकाला एक कंगवा हवा असला की तिच्या हातातल्या स्कॅनरवर 'एक' येतं. दुसरा दाखवला की लाल दिवा आणि लांब बीप. शिवाय माझ्या टेबलावर वजनकाटा. खोक्यात माल जास्त-कमी झाला की काटा खोकं अडवतो आणि उचलणाऱ्याच्या नावावर चूक चढते.

हे सगळं आलं ते वर्ताळाकाकांमुळे.

काका आमच्यातले सगळ्यात जुने. प्रत्येक खोक्यात एक वस्तू जास्तीची टाकायचे. "असू दे गं, तेवढाच वर्ताळा!" असं म्हणायचे आणि खोक्यावर दोनदा टिचकी मारायचे.

ठक ठक.

भाजीवाली वर चार मिरच्या टाकते ना, तसं. पण मालकाचं दिवाळं निघायची वेळ आली. मग नवीन सॉफ्टवेअर बसवलं आणि काकांना घरी बसवलं. त्यानंतर वर्षही काढलं नाही बिचाऱ्यांनी.

काका गेले तेव्हा बहीण पोटुशी होती. नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला. बाळंतपणाची भरपगारी रजा मिळायला तिला अजून थोडे दिवस नोकरी टिकवायची होती. नोकरी गेली असती तर सगळंच गेलं असतं.

आणि नेमकं तेव्हाच...

तिचं एक खोकं काट्यावर अडकलं. आत कंगवा जास्तीचा.

"ताई, मी एकच घेतला गं! दुसरा घ्यायला गेले तर हे मेलं ओरडत नाही का?"

खरंच होतं. स्कॅनरवर एकच होता. थोड्या वेळाने दुसऱ्या मुलीचं खोकं अडकलं. त्यात कंगवा कमी.

मग हे होतच राहिलं. आमच्या खोक्यात एक जास्त... आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खोक्यात तेवढाच कमी.

सुपरवायझरने आम्हाला कॅमेऱ्यातलं दाखवलं. बहीण ट्रेमध्ये एक बाटली ठेवते. पुढे जाते. ट्रेच्या जवळ कोणी नाही...

आणि ट्रेमध्ये दोन बाटल्या.

त्याने ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग स्क्रीन बंद केली.

"ताई, मी काही पाहिलं नाही आणि तुम्हीही नाही," तो म्हणाला. "वर सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील. पण अजून एक खोकं अडकलं तर सिस्टीम हिचं नाव आपोआप काढेल. मग मीही काही करू शकणार नाही."



जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः तिच्याबरोबर रॅकच्या गल्लीत गेले. खोकी वाहून नेणारे पट्टे थांबले होते. चिटपाखरू नव्हतं. तिने बाळाच्या तेलाची एक बाटली घेतली, स्कॅन केली, ट्रेमध्ये ठेवली.

आम्ही दोघी टक लावून बघत होतो.

मागून ट्रॉलीचं चाक कुरकुरलं... मागे ट्रॉली नव्हती.

मग ट्रेच्या कडेवर...

ठक ठक.

ट्रेमध्ये दोन बाटल्या होत्या.

बहीण रडायलाच लागली. आणि मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. मी आहेच तशी.

"काका, पुरे!" मी रिकाम्या गल्लीत ओरडले. "हिच्या पोटावर पाय देताय तुम्ही! एवढी हौस असेल ना, तर जिथे स्कॅनर नाही, काटा नाही, तिथे द्या हिला वर्ताळा!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सगळं शांत झालं. खाली पाहिलं तर ट्रेमध्ये एकच बाटली होती.

त्यानंतर तिचं एकही खोकं अडकलं नाही. रजा मंजूर झाली. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

बाळंतपणाच्या दिवशी मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होते. दुपारच होती. नर्स हसत बाहेर आली.

"मावशी झालात! आणि एकदम दोघींच्या!"

मला वाटलं चेष्टा करतेय. प्रत्येक सोनोग्राफीत एकच बाळ दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी एकामागे एक लपतं." मला काय, आनंदाने वेड लागायचं बाकी होतं! दोघींना पाळण्यात बघून मी तिथेच नाचले.

मग शेजारच्या खाटेकडे लक्ष गेलं.

तिथली बाई एक बाळ कुशीत घेऊन गप्प पडली होती. तिची आई नर्सला पुन्हा पुन्हा विचारत होती, "दोन सांगितली होती हो... शेवटपर्यंत दोन दिसत होती..."

"रिपोर्टमध्ये चूक झाली असेल, आजी."

मी वळून आमच्या पाळण्याकडे पाहिलं.

तेवढ्यात आमच्या पाळण्याच्या दांडीवर...

ठक ठक.

बहीण अजून गुंगीत होती. तिला यातलं काही माहीत नाही. मी कधी सांगितलंही नाही.

निघताना त्या आजी माझ्याजवळ आल्या. हातात लोकरीची पिवळी टोपी होती.

"दोन विणल्या होत्या," त्या म्हणाल्या. "एक तुम्हीच घ्या. तुमच्याकडे दोघी आहेत ना."

नाही कसं म्हणू? घेतली. आमच्या लहानीला ती टोपी बरोब्बर बसली.

आता दोघी घरभर धावतात. लहानी सारखी माझ्याच मागे असते, मलाच बिलगते. माझाही जीव आहे तिच्यावर, खोटं कशाला बोलू? पण दुपारी घर शांत झालं की माझे कान उगाच पाळणा होता त्या कोपऱ्याकडे लागतात.

टोपी अजून माझ्या कपाटात आहे. दवाखान्यातून त्या आजींचा पत्ता मिळेल. जाऊन टोपी परत द्यावी असं खूपदा मनात येतं.

पण गेले, तर नुसती टोपीच कशी देऊ?