सोळाव्या सोमवारचं मौन

“मॅडम, सर्व्हर मुंबईत आहेत, तुम्ही शोधताय सिंगापुरात!”

मी दचकून मागे पाहिलं. चाकणच्या कारखान्यातला माझा तो दुसराच आठवडा. क्लाउडवरच्या प्रत्येक सर्व्हरला ओळखीची एक चिठ्ठी असते – टॅग. तो बघून सर्व्हर शोधायचे आणि शिफ्टआधी सुरू करायचे, हे माझ्या स्क्रिप्टचं, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमचं काम. तिच्यात मी शहरच चुकीचं घातलं होतं, म्हणून तिला आज एकही सापडत नव्हता.

मागे गणराज उभे होते. शेजारच्याच टीममधले.

“यादी रिकामी आली म्हणून रडायचं नसतं.”

“रडत नाहीये मी!”

“मग डोळे?”

“कांद्याचा बाजार जवळ आहे ना…”

ते खळखळून हसले. त्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा त्यांचीच झाली.

माझे सोळा सोमवार चालू होते. दिवेलागणीपर्यंत मौन.

“सोमवारी तुमच्याशी भांडायला मजाच येत नाही,” ते कुरकुरायचे. “एवढं मागताय तरी काय महादेवाकडे?”

मी नुसती हसायचे. त्यांनाच तर मागत होते… सांगू कशी?

शेवटच्या सोमवारी स्क्रिप्ट पुन्हा अडली. नव्या सर्व्हरना कुणी टॅगच लावले नव्हते. मी एकेक लावत होते, तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

“तिकडे तमिळनाडूत, होसूरला नोकरी मिळतेय, विजयश्री. पाचपर्यंत कळवायचंय.” मग अगदी हळू – “तुम्ही थांबा म्हणालात… तर थांबतो.”

‘थांबा’ म्हणायचंच तर होतं! पण आज व्रत मोडलं, तर मागितलेलंच हातचं जाईल… मान वर झालीच नाही. बोटं तेवढी चालत राहिली. स्क्रीनवर एकेक सर्व्हर दिसू लागला.

“सापडले,” ते म्हणाले. जरा घुटमळले. उठून गेले.

दिवेलागणीला मी बेल वाहिला आणि पहिला शब्द बोलले, तो फोनवर.

“थांबा…”

पलीकडून उत्तर आलं – “होकार कळवला हो मी. सहीसुद्धा झाली.”

“माझं मौन होतं. तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“होतं की. पण ते तोंडाला. हात तर चालत होते तुमचे. एक शब्द टाकला असता स्क्रीनवर… मी तिथंच बघत बसलो होतो.”

पुढच्या सोमवारी उद्यापन झालं. चुरम्याचा नैवेद्य दाखवून गुरुजी म्हणाले, “मनासारखा जोडीदार मिळेल हो, पोरी.”

मी वाकून नमस्कार केला. महादेवानं दिला होता, गुरुजी. माझाच हात पुढे झाला नाही.