दोन आळ्यांचा नळ

रुचितानं शिट्टी फुंकली आणि त्याच क्षणी नळाच्या पलीकडूनही एक शिट्टी वाजली. रांग मोडून पुढे सरकवलेल्या हंड्यावर दोघांचे हात एकदमच पडले.

"पहिल्याच दिवशी एकमत!" समोरचा तरुण हसला. "मी देवेश. खालच्या आळीचा पंच."

"मी रुचिता, वरच्या आळीची. आणि हात काढा आता. हंडा मी मागे नेते."

"अर्धा माझाही आहे ना... नियमाप्रमाणे."

तिला हसू आलं. ते तिनं ओढणीत लपवलं.

शहाडच्या त्या वस्तीच्या जागी एके काळी थेट नदीपर्यंत भातशेती होती. देवेशच्या घरासारख्या जुन्या घरांची. मग कोकणातून, देशावरून माणसं आली, खोल्या उठल्या. जुने लोक खालच्या आळीत राहिले, आलेले वरच्या आळीत. नळ मात्र एकच, मधोमध. पाणी संध्याकाळी साडेचार ते सहा. बायका सकाळीच हंडा रांगेला लावून कामाला जात. हंडा ठेवला म्हणजे माणूस उभं आहे, असाच तिथला रिवाज. गेल्या उन्हाळ्यात कुणी तरी एक हंडा लाथेनं उडवला आणि चार डोकी फुटली. आळ्यांचं बोलणं बंद झालं.

वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेच्या दर्शनाताई मग महिनोन् महिने घरोघर फिरल्या. कुठे चहा मिळाला, कुठे शिव्या. शेवटी तोड निघाली: प्रत्येक आळीचा एक पंच, आणि रांग मोडणारा हंडा मागे, थेट शेवटी न्यायचा तर शिट्टी दोघांची हवी.

सहा महिने हे नीट चाललं. त्यात रुचिता आणि देवेश 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, त्यांनाही कळलं नाही.

"आज केसांत अबोली?" तो नळाकडे बघतच म्हणायचा.

"रांगेकडे बघ."

"रांगेकडेच बघतोय. रांगेच्या शेवटी तूच उभी आहेस, त्याला मी काय करू?"

ती गाल फुगवून पाठ फिरवायची, पण छातीत धडधडायचं. ते नुसतं प्रेमाचं नव्हतं... भीतीचंही होतं. रविवारी दुसऱ्या नळाच्या अर्जावर दोन्ही आळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. एक आळी जरी फिरली, तरी नळ गेला. आणि पंचांचंच आपसात जमलंय असं कळलं, तर कोण विश्वास ठेवणार?

"रविवार होऊ दे," ती म्हणाली. "तोवर माझ्याशी एक शब्द बोलू नकोस."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

शनिवारी तिची आई, शांताबाई, सुजलेले गुडघे दाबत उन्हात उभी होती. तिचा हंडा नववा. रुचिता पाठमोरी असताना देवेशनं तो अलगद उचलला आणि तिसरा लावला.

"अगं बाई, पंचच रांग मोडतोय!" खालच्या आळीतून आवाज आला. "वरच्या आळीची सून करायची आहे वाटतं!"

रुचितानं वळून पाहिलं. गप्प राहावं, तर उद्याच्या सह्या बुडाल्या. शिट्टी फुंकावी, तर आई कोरडी राहणार, आणि देवेश... तिनं डोळे मिटून शिट्टी फुंकली.

एक शिट्टी पुरत नव्हती. सगळे देवेशकडे बघू लागले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच चुकीवर शिट्टी वाजवली.

तिनं आईचा हंडा शेवटी नेऊन ठेवला. त्याच्या आधीचे दोन हंडे भरायचे असतानाच पाणी गेलं. रिकामा हंडा कमरेवर घेऊन शांताबाई लेकीकडे न बघता वर चढून गेली.

देवेशनं गळ्यातली शिट्टी काढून, गलका ऐकून आलेल्या दर्शनाताईंच्या हातात दिली. "चूक माझी. मावशींचे हाल बघवले नाहीत. आणि खरं सांगायचं तर... रुचिता मला आवडते. तिनं हो म्हटलेलं नाही. तिला यात ओढू नका."

रविवारी सतरंजीवर अर्ज पडून होता आणि कुणीच पुढे येईना. रुचिता अर्जाजवळच बसली होती. आई कालपासून तिच्याशी बोलली नव्हती.

"पोरीपायी पाणी वळवणारा पंच!" कुणी तरी मागून टोमणा मारला.

तशी देवेशची आई, जाईबाई, उठली. "माझा पोऱ्या चुकला. कबूलबी केलान. पन या पोरीनं सोताच्या आयचा हंडा मागं लावलान. आपल्यातल्या कोनी लावला असता, सांगा की!" आणि तिनं पहिला अंगठा उठवला.

शांताबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "शाई इकडे सरकवा, जाईबाई. काल मला राग आला होता, नाही असं नाही. पण पोरगी माझी आहे, तिला मीच असं वाढवलंय."

मग सह्यांसाठी झुंबड उडाली. त्या गर्दीतून देवेश खाली मान घालून निघालेला रुचिताला दिसला. आता हाक मारली, तर सगळी वस्ती ऐकणार होती.

"देवेश!"

सगळ्या माना वळल्या.

"काल चारचौघांत सांगितलंस ना, मी हो म्हटलेलं नाही म्हणून?" ती एका दमात म्हणाली. "मग आता चारचौघांतच ऐक. हो."

"अगो, हलू बोल," जाईबाई पदराआड हसली. "नदीपल्याड गेलं ऐकू."

"जाऊ द्या," शांताबाई म्हणाली. "चोरून तर नाही ना बोलली."

देवेश मात्र जागचा हलला नाही. लाल झालेल्या कानांनी नुसता उभा राहिला... इतके दिवस एवढी बडबड करणाऱ्याला नेमका आत्ताच एक शब्द सुचेना.