मिराफ्लोरेसची आठ मिनिटं

“डावी बाजूही चांगलीच आहे हो, मावशी. उद्या बार्रो कोलोराडो बेट डावीकडूनच दिसेल.”

एडिल्मा एका म्हाताऱ्या जोडप्याची समजूत घालत होती. उजवीकडच्या केबिनी संपल्या होत्या आणि डावीकडे, पनामा कालव्यात जहाजं वर उचलणाऱ्या मिराफ्लोरेसच्या हौदात, नुसती शेवाळलेली ओली भिंत.

“काहीतरीच! उजवी मागा, मावशी. गाम्बोआ गाव तिकडेच लागतं!” वरून कुणीतरी ओरडलं आणि जहाज बांधायचा दोर थेट एडिल्माच्या पायाशी येऊन पडला.

तिनं वर पाहिलं. भिंतीच्या काठावरून एक हसरा चेहरा डोकावत होता.

“माझे प्रवासी फितवता होय? गाइड मी आहे!”

“गाइड खोटं बोलली, तर दोरवाल्यानं गप्प बसायचं?”

“खोटं नाही... अर्धं खरं.”

हौदात पाणी चढत होतं, जहाज वर येत होतं. शेवटी दोघं अगदी समोरासमोर आली. मध्ये फक्त हातभर फट.

“मग उरलेलं अर्धं पुढच्या शनिवारी सांगा,” तो हळूच म्हणाला. तेवढ्यात हौदाचे पुढचे दरवाजे उघडले.

त्याचं नाव अब्दिएल. अकरा वर्षं तो त्या भिंतीवर जहाजांचे दोर सांभाळत होता. दर शनिवारी सकाळी हौद भरेपर्यंत त्यांना आठ मिनिटं मिळत. प्रवाशांना ती सांगायची, “सगळे पुढच्या डेकवर जा, तिथूनच छान दिसतं!” आणि स्वतः मात्र डावीकडे मधोमध उभी राहायची, जिथून काही म्हणजे काही दिसत नसे. जहाजावरचा आचारी खोकून खोकून हसायचा. ती कॉफीचा पेला फटीपलीकडे धरायची, तो कागदात गुंडाळलेला आंबा द्यायचा. बाहेर भेटायचं ठरायचं, पण जमायचं नाही. रविवारी जहाज कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, कोलोनला पोचे, तिथून ती बसनं चित्रे गावी आईकडे जाई. अब्दिएलच्या घरी आंधळे वडील होते.

नोव्हेंबरात तिच्या आईला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. थोडे दिवस शेजाऱ्यांनी सांभाळलं, पण कायमचं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

“नोकरी सोडतेय. पुढचा शनिवार शेवटचा,” एडिल्मानं फटीपलीकडे सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला. बाकीची सगळी मिनिटं तो हातातल्या दोराकडे बघत राहिला.

शेवटच्या शनिवारी धक्क्यावरच्या रांगेत एक माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात लहानशी पिशवी.

“मॅडम, कुठल्या बाजूची केबिन घेऊ?”

तिनं हातातली यादी खाली केली. “तू... आणि बाबा?”

“शेजारीण आहे उद्यापर्यंत. अकरा वर्षं लोकांना पलीकडे पाठवतोय, एडिल्मा. मी कधी गेलोच नाही.”

“उजवी घे,” ती कसंबसं हसली. “पण केबिनीत बसू नकोस.”

तिनं त्याला सगळं दाखवलं. हौदात शिरताना जहाजाचं अगदी पुढचं टोक, कालव्यासाठी कापलेल्या कुलेब्राच्या डोंगरापाशी वरचा डेक, गाम्बोआला उजवा कठडा. तो लहान मुलासारखा बघत होता... आणि मध्येच तिच्याकडे.

“मी येतो चित्रेला,” तो एकदम म्हणाला. “कोंबड्या पाळीन.”

“आणि बाबांना कसं आणशील?”

त्याच्या वडिलांना आपल्या घराची भिंतन्‌भिंत हातानं ठाऊक होती. परक्या घरात ते चार पावलंही टाकू शकले नसते.

“मला नाही म्हणायचं नाहीये रे,” ती म्हणाली. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण हे मला भिंतीखालून ओरडून सांगायचं नव्हतं.”

त्यानं कठड्यावरचा तिचा हात हातात घेतला – पहिल्यांदाच. दोरानं सोललेला, खरखरीत तळवा होता त्याचा. समोर कालव्यातलं मोठं तळं उघडत गेलं.

दुसऱ्या दिवशी कोलोनला चित्रेच्या बसमध्ये त्यानं तिचं सामान चढवून दिलं.

“आईला जप.”

“बाबांना जप.”

बस हलली. फाटकापर्यंत तो खिडकीला धरून चालत आला, मग त्याचा हात सुटला.

ती चित्रेला पोचली तेव्हा आई अंगणात खुर्चीवर होती. तिनं डाव्या हातानं लेकीचा चेहरा चाचपला. गाल ओले लागले. विचारायला शब्द नव्हते तिच्याकडे. तिनं फक्त एडिल्माचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि तेव्हा कुठे एडिल्मा पोटभर रडली.