सरांची पट्टी हिरवी झाली

फाटकाशी रांग लागली होती. रांगेतला प्रत्येकजण एका हातात स्वतःचं ताट-भांडं सांभाळत दुसऱ्या हाताचं मनगट पुढे करत होता. कराडच्या या शाळेच्या मैदानावर दरवर्षी भरणाऱ्या ‘हलका दिवस’ जत्रेचा तो रिवाजच होता. भांडं विसरलेल्याला पन्हं ओंजळीनं प्यावं लागे आणि मनगटावरची भारपट्टी दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत.

भारपट्टी आता लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आंघोळीलाही कुणी ती काढत नसे. बाजारात येणाऱ्या प्रत्येक वेष्टणावर एक बारीक खूण छापलेली असे. वेष्टण फोडलं की फोडणाऱ्याच्या पट्टीत त्याची नोंद होई. घरातली वीज, पाणी, गाडी यांचे आकडेही तिच्यात येऊन पडत. गेल्या चोवीस तासांत माणसानं पृथ्वीवर किती भार टाकला, हे ती रंगानं सांगायची. हलका असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा आणि जड असेल तर तांबडा. लोकही काही कमी बेरकी नव्हते. बिस्किटाचा पुडा सुनेच्या हाती देऊन “तूच फोड गं” म्हणणाऱ्या सासवा घरोघरी निघाल्या होत्या, आणि एका नगरसेवकानं तर भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे सदरे शिवून घेतले होते.

रोहिणी पाटणकर फाटकाशी उभी राहून लोकांना बिया वाटत होती, पण तिचं अर्धं लक्ष मंडपाकडे होतं. तिचा नवरा शिरीष तिथे पहिल्या रांगेत बसला होता. याच शाळेत त्यानं उभी हयात विज्ञान शिकवलं होतं आणि ही जत्राही त्यानंच सुरू केली होती. मुलांना घेऊन नदीकाठचं प्लास्टिक वेचण्यापासून तिची सुरुवात झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून घरच्या घरी पोटातलं डायलिसिस चाललं होतं. पोटात बसवलेल्या नळीतून साचलेलं पाणी काढायचं आणि नव्या पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, असं दिवसातून चार वेळा. प्रत्येक वेळी पिशवी नवी, नळी नवी, टोपण नवं, आणि सगळं प्लास्टिकचं. त्यामुळे शिरीषची पट्टी दोन वर्षं तांबडीच होती. गेल्या वर्षी व्यासपीठावर एक पोरगा निरागसपणे म्हणाला होता, “सर, तुमची तर लाल आहे.” लोक हसले, शिरीषही हसला. घरी आल्यावर मात्र तो रात्री जेवला नाही.

उद्घाटनाला तेजल जगदाळे उभी राहिली. ती शिरीषची विद्यार्थिनी होती. भारपट्टीचं गणित मांडणाऱ्या चमूत ती होती आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. तिनं सरांना वर बोलावलं, त्यांची बाही सारली आणि त्यांचा हात उंच धरला.

पट्टी हिरवी होती.

मैदानभर टाळ्या कडाडल्या. संध्याकाळी जत्रेच्या मानाचा हिरवा फेटा यंदा सरांनाच बांधायचा, असं तेजलनं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. रोहिणीनंही टाळ्या वाजवल्या. मन भरून आलं होतं तिचं. मग तिच्या हातांचा वेग कमी झाला. सकाळी निघताना शिरीषनं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, उन्हाचं कारण सांगून. पट्टी हिरवी व्हायला कालपासून त्यानं एकही पिशवी फोडलेली असता कामा नये. मग काल याच्या पोटातलं पाणी कुणी बदललं?

तिनं बियांची टोपली शेजारणीकडे दिली आणि मंडपाकडे निघाली. पण जत्रेत सरांच्या बायकोला सरळ चालू कोण देतं? सायकलच्या पायडलवर चालणाऱ्या पाट्याजवळ बायकांनी तिला धरलं आणि चटणी चाखायला लावली. सूर्यचुलीवरची खिचडी वाफ का धरत नाही, हे एका गृहस्थांना तिच्याकडूनच समजून घ्यायचं होतं. जो तो अभिनंदन करत होता. ती “हो, हो” म्हणत पुढे सरकत होती आणि मंडपात पोचली तेव्हा शिरीष तिथे नव्हता.

तेजल भेटली. रोहिणीनं शक्य तितक्या सहज विचारलं, की या पट्ट्या कधी चुकतात का. तेजलला ते जरा लागलंच. घड्याळ चुकेल, माणूस चुकेल, पट्टी चुकत नाही, असं तिनं सांगितलं. एरवी रोहिणीला हे ऐकून बरं वाटलं असतं. आज तिला पट्टी चुकलेली हवी होती.

आठवडाभर ती जत्रेच्या तयारीत सकाळी बाहेर पडे ती दिवेलागणीला परते. पाणी बदलताना जंतू जाऊ नयेत म्हणून मागच्या खोलीचं दार बंद ठेवायचं, हा डॉक्टरांचा नियम होता, त्यामुळे आत काय चाललंय हे तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. काल जेवताना त्याला मळमळत होतं. उभं राहून राहून पाय सुजलेत, असं तो म्हणाला आणि तिनं ते खरं मानलं. स्वतःचा तिला इतका राग आला, की शाळेच्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना तिचा तोल गेला.

आजच्या पिशव्या तिनं सकाळी स्वतः प्रयोगशाळेत आणून ठेवल्या होत्या. दुपारी पाणी बदलून घेईन, असं शिरीष म्हणाला होता. खोका टेबलावर होता. त्याची चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती.

शिरीष तिला शाळेच्या मागच्या ओट्यावर सापडला. चपला काढून एकटाच बसला होता. ती खाली बसली आणि त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“परवा रात्रीपासून. त्याआधी दुपारची तेवढी टाळत होतो.” त्याला धाप लागत होती. “आजच्या दिवस गं. उद्यापासून नेमानं करणार होतो.”

“एका फेट्यासाठी?”

“फेट्यासाठी नाही.” त्यानं सुजलेले पाय ओट्याखाली ओढून घेतले. “मागच्या खोलीत खोक्यांची थप्पी आहे ना, ती मी रोज बघतो. आयुष्यभर पोरांना सांगितलं, लागेल तेवढंच घ्या. आणि मी जगायचं म्हणून दर महिन्याला तेवढा ढीग. मला किती लागावं, रोहिणी? कुठेतरी पुरे म्हणायला नको?”

रोहिणीला वाटलं होतं आपण रागावू, पण तिला रडूच आलं. ती तशीच बोलली. “तुझी बेरीज करताना मला कुठे धरलंस तू? तू नसलास तर माझी पट्टी हिरवी राहील. त्या हिरव्याचं मी काय करू?”

तिनं हात पुढे केला आणि तो उठला.

प्रयोगशाळेत तिनं दार लावलं, पंखा बंद केला, दोघांनी हात धुतले, मुखपट्ट्या बांधल्या. पिशवीचं वेष्टण शिरीषनं स्वतःच्या हातानं फोडलं, तिनं पिशवी नकाशाच्या खिळ्याला टांगली. एक नळी शिरीषच्या पोटाशी जोडली, दुसरी खालच्या रिकाम्या पिशवीत सोडली. गढूळ पाणी उतरू लागलं. एवढं पाणी त्याच्या अंगात साचलं होतं. दवाखान्यात फोन झाला होता. हे झालं की लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेर ध्वनिवर्धकावर सरांच्या नावाचा पुकारा चालू होता. शिरीषनं डोळे मिटून घेतले होते आणि त्याच्या मनगटावर पट्टी पिवळी होत होती.

दारावर टकटक झाली. तेजल होती, हातात फेटा घेऊन. मुखपट्टी बांधायला लावून रोहिणीनं तिला आत घेतलं. तेजलनं टांगलेली पिशवी पाहिली, सरांचे पाय पाहिले, पट्टी पाहिली. हुशार मुलगी ती, तिला सांगावं लागलं नाही. फेटा तिनं बाकावर ठेवला आणि स्वतःही तिथेच बसली.

“सर, औषधाचा भार वगळायचा की नाही, यावर आमचा वाद झाला होता,” ती हळूच म्हणाली. “सूट दिली की लोक पळवाटा काढतील, असं मीच म्हणाले होते.”

“मीही तेच म्हणालो असतो,” शिरीष म्हणाला. तिला धीर द्यायला म्हणून नव्हे. तो खरंच तसं म्हणाला असता.

नळीतून नवं पाणी उतरत राहिलं. तेजल जायला उठली आणि दाराशी थबकली.

“काकू, गेल्या महिन्यात सोमवार पेठेतल्या एका आजोबांची पट्टी अशीच एकदम हिरवी झाली होती. त्यांना श्वासाचं मशीन लागायचं, दिवसरात्र वीज खायचं ते. मी पेढे घेऊन घरी गेले होते. सूनबाई म्हणाल्या, झोपलेत.”

“मग?”

“मग काही नाही. पेढे ठेवून आले.” तेजल बाकावरच्या फेट्याकडे बघत होती. “नंतर मी विचारलंच नाही.”

ती धावतच जिना उतरली. रोहिणी खिडकीशी आली. दिवस कलला होता आणि सरांना फेटा बांधताना बघायला सगळं गाव मंडपाकडे तोंड करून उभं होतं. कुणीतरी घोषणा दिली आणि लोकांनी हात वर केले. मैदानभर हिरवी मनगटं चमकू लागली. तेजल त्या गर्दीत शिरली होती आणि वयस्कर माणसांना थांबवून थांबवून काहीतरी विचारत होती. रोहिणी एकेका हातावरून नजर फिरवत राहिली. यातले किती जण खरोखर हलके झाले होते, आणि किती जण घरी काहीतरी बंद करून आले होते?