ठिपक्याचा चेंडू

मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द 'थांबा' हा होता, आणि तो चुकून मराठीत बोलला गेला होता.

ऑक्टोबरातली सकाळ. स्टेट कॉलेज या छोट्या अमेरिकन गावातला तो बारीक, थंड, न कंटाळणारा पाऊस पडत होता. बसस्टॉपपासून लॅबपर्यंत मी धावत आले, कारण आदल्या संध्याकाळी एक वस्तू तिथे विसरले होते. जिन्यावरच बँडसॉचा आवाज ऐकू आला. दार ढकललं, तर करवतीपाशी एक उंच मुलगा डोळ्यांवर सेफ्टी गॉगल चढवून उभा होता, आणि माझा गोल्फचा चेंडू पात्यावर सरकवत होता.

"थांबा."

त्याने करवत बंद केली. पातं फिरायचं थांबलं, तरी चेंडूतून बारीक तडतड येतच राहिली. पांढऱ्या कवचाला एका बाजूने चीर गेली होती, आणि त्या चिरेतून रबराचे तपकिरी धागे आपोआप बाहेर उसळत होते... मक्याच्या कणसाच्या केसांसारखे.

"हा — तुमचा आहे?" त्यानेही मराठीतच विचारलं.

"माझ्या बाबांचा."

तो पार ओशाळला. म्हणाला, बाबांचा नंबर द्या, मी स्वतः फोन करून सॉरी म्हणतो. मी म्हटलं, ते मार्चमध्ये गेले.

त्याने गॉगल काढला. 'आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस' म्हणाला नाही, पाणी देऊ का विचारलं नाही. चेंडू दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, त्यातली तडतड थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. पुढे खूप दिवसांनी त्याने मला विचारलं, की मी तुला नेमका कधी आवडलो? तेव्हा मी हाच क्षण सांगितला, आणि त्याला तो मुळीच पटला नाही.

त्याचं नाव यशोधन. नागपूरचा. मेकॅनिकलमध्ये पीएचडीचं शेवटचं सेमिस्टर चालू होतं, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या गोल्फचे चेंडू बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी त्याचं काम होतं. कंपनी खोकीच्या खोकी चेंडू पाठवायची. तो ते एकेक करून मिठाच्या दाट पाण्यात तरंगवायचा, बोटाने गिरकी द्यायचा, आणि चेंडू स्थिर झाला की वर आलेल्या जागी पेनाने ठिपका काढायचा. पुन्हा गिरकी. चार वेळा तोच ठिपका वर आला, तर आतला गाभा मधोमध नाही, एका बाजूला सरकलाय असं समजायचं. असे ठिपकेवाले चेंडू लाल ट्रेमध्ये जायचे. आणि लाल ट्रेमधलं सगळं करवतीखाली जायचं.

माझ्या चेंडूवर निळा ठिपका होता. आणि आठवड्यापूर्वीच त्या लॅबमध्ये कामाला आलेली मी, तो लाल ट्रेला लागूनच ठेवून गेले होते.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "पण एक सांगा, हा ठिपका कोणी काढला? धागा गुंडाळलेले बॉल आता कुणी बनवत नाही. हा पंचवीस वर्षांचा तरी असेल. म्हणजे तेव्हा कुणीतरी हा मिठाच्या पाण्यात फिरवून बघितलाय."

तो ठिपका मी लहानपणापासून बघत होते. मला वाटायचं, शाईचा डाग आहे.

बाबा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका रबर कारखान्यात फोरमन होते. २००१ च्या ऑगस्टमध्ये मी इकडे यायला निघाले, तेव्हा विमानतळावर त्यांनी हा चेंडू माझ्या हातात ठेवला. म्हणाले, बिघडलेला आहे, पण तुला कधी वाटलं तर आत बघ, तिकडे मशिनं चांगली असतात. मी कधी बघितलं नाही. ते गेले तेव्हा माझा व्हिसा संपला होता. परत गेलीस तर पुन्हा इकडे यायच्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला किती महिने लागतील कुणी सांगू शकत नाही, असं सगळ्यांनी बजावलं. आईनेही. मी गेले नाही. त्या दिवसापासून चेंडू माझ्या कोटाच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काचेची बरणी होती. आत चेंडू, आणि वर सुवाच्य देवनागरीत चिठ्ठी चिकटवलेली — 'कापू नये.' खाली बारीक अक्षरात: 'हे मलाही लागू. — करवतवाला.'

मी हसले. आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

रविवारी कॉलिंग कार्डावरून आईला ठिपक्याचं विचारलं. ती मार्चनंतर पहिल्यांदाच मनापासून हसली. म्हणाली, अगं, त्या वर्षी आमच्या आईस्क्रीमच्या पॉटचा सत्यानाश केला होता तुझ्या बाबांनी. एकोणऐंशी साल. कारखान्याला वाटलं, बाहेरून येणारे गोल्फचे चेंडू आपणच बनवावेत. बाबांनी एक डझन करून दाखवायचे ठरले. आत रबराची छोटी पिशवी, तिच्यात काहीतरी पातळ. ते बर्फ-मिठाच्या पॉटमध्ये गोठवायचं, आणि घट्ट आहे तोवर भराभर वर धागा गुंडाळायचा. मे महिना होता. बाराही चेंडू त्यांनी न्हाणीघरातल्या बादलीत तरंगवले. आणि बाराही चेंडूंवर ठिपके काढत बसले. "एकही पाठवला नाही," आई म्हणाली. "त्यानंतर घरच्या आईस्क्रीमला दोन वर्षं रबराचा वास येत होता."

त्या पिशवीत काय भरलं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

हे सगळं मी यशोधनला का सांगितलं, माहीत नाही. तो ऐकताना हातातलं सँडविच खायचं विसरला. मग म्हणाला, चीर फक्त वरच्या थरांपर्यंत गेलीय, खालचा धागा अखंड असेल. उलगडून बघायचं का? तुम्ही हो म्हणालात तरच.

माझी रूममेट वसुधा म्हणाली, रबराचा धागा सोडवायला दोन-दोन पीएचडीवाले लागतात, आणि तेही रविवारी दुपारी, परफ्यूम लावून? मी परफ्यूम लावलं नव्हतं. लोशन होतं.

लॅबबाहेरचा कॉरिडॉर लांबलचक. रविवारची शांतता, खिडक्यांवर ओल. त्याने कवच अलगद सोलून काढलं. वरचे तुटके धागे मी बरणीत गोळा केले, आणि मग खरोखर एक अखंड टोक सापडलं. चेंडू माझ्या हातात, टोक त्याच्या चिमटीत. तो एकेक पाऊल मागे जात राहिला आणि चेंडू माझ्या तळहातात गुदगुल्या केल्यासारखा फिरत राहिला. धागा पंचवीस वर्षं ताणलेला होता. मोकळा झाला की आखडून जाडसर व्हायचा, जसा काही सुटकेचा श्वास सोडत होता. बाबांच्या हातांनी दिलेला ताण मला बोटांत जाणवत होता. असं काही होईल याची मला कल्पना नव्हती...

"अहो, ताणू नका इतका," मी म्हटलं.

तो कॉरिडॉरच्या टोकाला थांबला. "अहो म्हणायला अजून अवकाश आहे."

मी मान खाली घातली आणि धाग्याकडेच बघत राहिले. मग म्हटलं, "बरं. ताणू नकोस."

"हां. हे चालेल."

शेवटी पिशवी उरली. बोरापेक्षा थोडी मोठी, काळी, मऊ. हाताला लागलं की ती पूर्ण गोल नाही, एका अंगाला चपटी आहे. यशोधनने ती उजेडात बराच वेळ फिरवली. आत सहसा मिठाचं पाणी आणि मातीची पूड असते, कधी साखरेचा पाकही, असं त्याने सांगितलं. ती टोचली की बाबांचं आणखी काही उरणार नव्हतं. मी म्हटलं, आज नको. तो म्हणाला, बरं. आणि पुढचे तीन आठवडे त्याने विषय काढला नाही. चहा प्यायला बोलवायचा, बस चुकली की घरी ड्रॉप करायचा, माझ्या प्रयोगांची खोटी काळजी करायचा. पण पिशवीबद्दल चकार शब्द नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याला त्याच कंपनीत नोकरी मिळाली. फेब्रुवारीपासून, मॅसॅच्युसेट्सला. त्याने ते मला पार्किंग लॉटमध्ये, किल्ल्या शोधता शोधता सांगितलं. मी अभिनंदन केलं. घरी आले, आणि मग लक्षात आलं की याही वेळी कुणी जाताना मी आहे तिथेच थांबणार आहे.

दुसऱ्या सकाळी सुई घेऊन लॅबमध्ये गेले. त्याला म्हटलं, तू धर, मी टोचते.

एक तपकिरी, दाट थेंब आला. आधी रबराचा वास, आणि त्यामागून... गुऱ्हाळ. बाबांच्या शर्टाला, हिवाळ्यात आजोळहून आल्यावर, यायचा तो वास.

"काकवी," मी म्हटलं. "काकवी आहे ही." आणि तिथेच, चेंडूचं कवच दाबायच्या गरम प्रेसपाशी, आठ महिन्यांत आलं नव्हतं ते रडू आलं. यशोधनने दोन्ही हातांच्या चिमटीत पिशवी धरून ठेवली होती, त्यामुळे त्याचे हात मोकळे नव्हते. त्याने फक्त खांदा पुढे केला. मी डोकं टेकवलं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, ही खातात कशाशी? मी नाक पुसत सांगितलं, भाकरीशी. तो म्हणाला, नागपुरात आम्ही असल्या चांगल्या वस्तू चेंडूत भरत नाही.

मग त्याने कागद ओढला आणि मला दाखवलं, पिशवी चपटी का झाली ते. धागा वाकडा गुंडाळलेला नव्हता. सगळीकडे ताण सारखा होता, त्याने मोजला होता. पण कोल्हापूरच्या मे महिन्यात गाभा शेवटपर्यंत गोठलेला राहणं शक्यच नव्हतं. गुंडाळून होण्याआधीच तो आतून वितळायला लागला होता. "त्यांच्या हातात दोष नव्हता, नीलांबरी," तो म्हणाला. "त्यांच्याकडे थंडी नव्हती."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या वर्षीचा पहिला बर्फ पडत होता.

"आपल्याकडे आहे," मी म्हटलं.

नव्या चेंडूसाठी काकवी स्टेट कॉलेजात मिळणं अशक्य. यशोधन एका शनिवारी चार तास ड्राइव्ह करून पिस्कॅटवेला मित्राकडे गेला, आणि तिथल्या भारतीय दुकानातून कोल्हापुरी गूळ घेऊन आला. मी तो पाण्यात सैल केला, चिमूटभर मीठ घातलं, रबराच्या नव्या पिशवीत भरलं. त्याने ड्रिलच्या मोटरवर नवा धागा गुंडाळायचं यंत्र बसवलं. जानेवारीतल्या एका दुपारी, उणे पंधरा तापमानात, लॅबच्या मागच्या अंगणात आम्ही एक्स्टेंशन कॉर्ड टाकून उभे राहिलो. गाभा गोटीसारखा टणक होता. धागा मी सोडत होते, ताण तो बघत होता. माझे हातमोजे जाड, धागा निसटायचा. शेवटी मी ते काढून टाकले. त्यानेही स्वतःचे काढले, मध्येच यंत्र थांबवून माझी बोटं आपल्या हातात धरली, फुंकर घातली, पुन्हा यंत्र चालू केलं. असं सहा वेळा झालं. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा माझी बोटं गार पडलेली नव्हती. त्यालाही ते कळलं असावं.

मग आत येऊन कवचाच्या दोन वाट्यांत चेंडू बसवला आणि गरम प्रेसमध्ये दाबला. मी घाबरून विचारलं, आतलं वितळेल ना? "आता वितळू दे," तो म्हणाला. "धागा नीट बसला की आतलं वितळलं तरी आकार सुटत नाही."

चेंडू थंड झाल्यावर त्याने मिठाच्या पाण्याची बादली पुढे ओढली आणि पेन हातात घेतलं. गिरकी मी दिली. चेंडू थांबला, त्याने वरच्या जागी बारीक ठिपका काढला. दुसरी गिरकी. ठिपका बाजूला राहिला. तिसरी, तो पाण्याखाली गेला. चौथी, पाचवी... आठवी. दर वेळी नवीच बाजू वर. चेंडूला कुठल्याच बाजूचा ओढा नव्हता.

मी बादलीच्या काठाला धरून बसले होते. बाबा, मी मनात म्हटलं, पाठवा हा.

यशोधनने चेंडू पुसला, स्पिरिटने तो ठिपका नाहीसा केला, आणि माझ्यापुढे धरला. शनिवारी तो निघणार होता. कारमध्ये त्याचं अर्धं सामान भरलेलं होतं.

"हा तुझा," तो म्हणाला. "आणि नीलांबरी... मला हे असं जायला नको वाटतंय. तुला सोडून. हे मी ऑक्टोबरपासून बोलायचं टाळतोय, कारण मी आधीच तुझी एक वस्तू कापून ठेवली होती."

मी चेंडू हातात घेतला. गार, गोल, थोडा ओला. सवयीने खिशाकडे हात गेला, आणि मध्येच थांबला. मग मी तो त्याच्याच कोटाच्या खिशात टाकला.

"तू घेऊन जा. रबर जुनं होत जातं, गाभा सरकू शकतो. दर महिन्याला तरंगवून बघायला लागेल."

"ते मी बघेन. कळवत जाईन तुला."

"कळवून चालणार नाही. मला स्वतः बघायचंय. रात्रीची बस आहे बोस्टनला, मी चौकशी केलीय."

त्याने खिशातला चेंडू चाचपला. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे दर महिन्याला तू... चेंडू बघायला येणार?"

"चेंडूसुद्धा," मी म्हटलं.