आतल्या बाजूचे ओरखडे

गाड्यांच्या काचांवरचे ओरखडे घालवणं हा माझा धंदा. ओरखड्यावरून नख फिरवतो. नख अडकलं नाही तर काम सोपं. अडकलं तर गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, फार आशा ठेवू नका.

ताई एका सकाळी भावोजींची गाडी घेऊन आली. गेल्या हिवाळ्यात ही गाडी जंगलाच्या रस्त्याला उभी सापडली होती, कुलूपबंद. भावोजी सापडलेच नाहीत. आता ताईला गाडी विकायची होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर हल्लीच ओरखडे आलेत, तेवढे काढून दे म्हणाली.

बाहेरून नख फिरवलं. काच गुळगुळीत. दार उघडून आतून फिरवलं, तर अडकलं. बोटाबोटांच्या अंतरानं रेघा वरून खाली आल्या होत्या.

गाडीत कोण बसतं, विचारलं. कुणीच नाही, किल्ली माझ्या कपाटात असते, असं सांगून ती घरी गेली.

पॉलिशची पावडर कालवली, मशीनला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची चकती लावली. घासताना काच तापते, म्हणून पाणी मारत राहावं लागतं. ही तापेचना. माझीच बोटं गारठली. रेघा मात्र निघाल्या. दार लावून जेवायला बसलो.

परत आलो तर रेघा होत्या तिथेच. काचेवर आतून वाफ धरली होती.

मी बघत असतानाच एक नवी रेघ हळूहळू खाली उतरली. पाटीवर खडू करकरावा तसा आवाज आला.

झटकन दार उघडलं. सीट रिकामी होती.

पुढचं काम दार सताड उघडं टाकून केलं. संध्याकाळी ताई गाडी घेऊन गेली, तेव्हा काच स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज कित्येक महिन्यांत नव्हता इतका मोकळा. घराच्या खिडकीच्या काचेवरचे ओरखडे निघतात का रे, तिनं विचारलं.

"कुठल्या बाजूनं आहेत?"

"बाहेरून. पण तू नको येऊस. मी दार उघडते."

उघडू नकोस, मी म्हणालो. तिनं फोन बाजूला ठेवला होता.

कडी सरकली.

फोनमधून दार करकरल्याचं ऐकू आलं. मग ताई अगदी हळू म्हणाली, "या ना आत."

थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि हे कोण, तुमच्याबरोबर?"